घासाच्या वाटेची कहाणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी "तुम्हीही काहीतरी लिहाच" म्हणून मला आग्रह केला. पाककृतींची पाने नेहमीप्रमाणे आधीच भरली होती, विणकामाचीही भरली होती. मी म्हटले, मी इतिहासावर लिहीन. त्यांना वाटले, एखाद्या गडावर किंवा जिजाबाईंवर लिहीन. मी विषय सांगितला तेव्हा त्या जरा गप्पच झाल्या. अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास! आनंदाच्या अंकात हे अभद्र कशाला, असे एकदोघींनी बोलूनही दाखवले. परंतु भगिनींनो, घास घशाखाली उतरतो की नाही ह्या गोष्टीशी आपल्याइतका संबंध दुसऱ्या कोणाचा येतो? ताट वाढणारी ती आपण आणि ताटात काय उरले हे पाहणारीही आपणच.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. इंग्रजी पुस्तके मला वाचता येत नाहीत. परंतु माझी पुतणी परिचारिका असून ह्याच रोगाच्या वॉर्डात काम करते. गेली दोन वर्षे ती सुट्टीला आली की मी वही घेऊन बसते आणि ती इंग्रजी ग्रंथांतला व वैद्यकीय मासिकांतला मजकूर मला मराठीत सांगते. "काकू, तुम्ही आता परीक्षेलाच बसा," अशी ती माझी थट्टा करते. त्या वहीवरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम ह्या अवयवाची ओळख करून घेऊ. घसा संपतो तेथून जठरापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे एक वीत आणि वर तीन-चार बोटे एवढी, स्नायूंची मऊ नळी असते. हीच अन्ननलिका. तिच्या पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे पाठीचा कणा, शेजारी महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. एवढ्या थोरामोठ्यांच्या गर्दीत ही बिचारी अंग चोरून उभी असते. त्यातून जठराला आणि आतड्याला बाहेरून एक चिवट पापुद्रा असतो, त्यामुळे तेथे घातलेला टाका धरून राहतो. अन्ननलिकेला तो पापुद्राच नाही. जुनेरावर टाका घातला की बाजूने उसवते, तशी गत. आणखी एक गोष्ट म्हणजे ती ताणली जाते. गाठ वाढत असली तरी नळी सैल होऊन घासाला वाट देत राहते. निम्म्याहून अधिक वाट बुजेपर्यंत माणसाला काही कळत नाही. तोपर्यंत रोग आजूबाजूला पसरलेला असतो. ह्या तीन अडचणी लक्षात ठेवा, पुढची सारी कहाणी त्यांच्याभोवतीच फिरते.

ह्या नळीत आत डोकावून पाहण्याचे धाडस १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे कुस्माउल नावाच्या वैद्यांनी केले. त्यांच्याजवळ ४७ सेंटिमीटर लांबीची सरळ, ताठ नळी होती. पण ती गिळणार कोण? त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाला बोलावले. आपल्याकडे जत्रेत असा खेळ पाहिला की आपण डोळे मिटून घेतो. ह्या वैद्यांना मात्र त्यात विद्या दिसली. मान मागे टाकली की तोंडापासून जठरापर्यंत सरळ वाट होते, हे त्या खेळकऱ्याला पोटासाठी ठाऊक झालेले होते. दिव्याचा उजेड पुरेना म्हणून फारसे दिसले नाही, ते वेगळे. आज दुर्बिणीची तपासणी करवून घेणाऱ्या प्रत्येक माणसाने त्या खेळकऱ्याचे उपकार मानले पाहिजेत.

त्यानंतर व्हिएन्नाच्या बिलरोथ ह्या शस्त्रवैद्यांनी १८७१ साली कुत्र्यांवर प्रयोग करून मानेतील अन्ननलिकेचा तुकडा काढला तरी प्राणी जगू शकतो हे दाखवले. त्यांचेच शिष्य चेर्नी ह्यांनी १८७७ साली एका बाईच्या मानेतील अन्ननलिकेची गाठ कापून काढली आणि ती बाई वर्षाहून अधिक काळ जगली. परंतु हे झाले मानेपुरते. बहुतेकांना हा रोग होतो तो छातीच्या आत, आणि छाती उघडणे म्हणजे मृत्यू, अशी तेव्हाची स्थिती होती. फुप्फुसे छातीच्या बंद पोकळीत ताणलेली असतात. छातीला भोक पडले की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस वारा गेलेल्या फुग्यासारखे मिटून जाते. म्हणजे गाठ काढण्याआधीच माणूस गुदमरून जायचा.

१९०४ साली ब्रेस्लाऊ येथे (हे शहर आता पोलंडमध्ये आहे) झाउरब्रुख नावाच्या तरुण शस्त्रवैद्यांनी ह्यावर एक तोडगा काढला. त्यांनी एक खोलीच तयार केली. रोग्याचे धड आणि शस्त्रवैद्य खोलीच्या आत, रोग्याचे डोके भिंतीतून बाहेर, मानेभोवती घट्ट पट्टी, आणि आतली हवा थोडी शोषून घेतलेली. त्यामुळे छाती उघडली तरी फुप्फुस मिटत नसे. युक्ती चांगली, पण प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी अशी खोली बांधणार कोण? पाचच वर्षांनी, १९०९ साली, न्यूयॉर्क येथे मेल्ट्झर आणि आउअर ह्यांनी श्वासनलिकेत बारीक नळी घालून तीतून हवा व भुलीची वाफ फुंकण्याची सोपी रीत शोधली. आजची भूल देण्याची पद्धत त्याच घराण्यातली. मला नेहमी वाटते की ह्या कहाणीत सुरीवाल्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहितात, पण खरी वाट मोकळी केली ती भूल देणाऱ्यांनी. असो.

१४ मार्च १९१३ हा दिवस ह्या इतिहासात फार मोठा. न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलात फ्रान्झ टोरेक ह्यांनी ६७ वर्षांच्या एका बाईच्या छातीतून रोगट अन्ननलिका काढली आणि ती बाई जगली. भूल त्या नव्या रीतीचीच होती. परंतु टोरेक ह्यांचा खरा शहाणपणा पुढेच आहे. त्यांनी आत काहीही जोडले नाही. वरचे टोक मानेच्या तळाशी कातडीतून बाहेर काढले, जठरालाही पोटावर एक तोंड होते, आणि ह्या दोन तोंडांच्या मध्ये रबराची नळी अंगावरून बसवली. ती बाई तोंडाने खाई, घास चावून गिळी. तो मानेतून बाहेर येऊन रबराच्या नळीतून पोटात जाई. ऐकताना अंगावर काटा येतो खरा. पण ती ह्या रीतीने सुमारे १३ वर्षे जेवली आणि रोग उलटला नाही. ऐंशीच्या घरात जाऊन ती गेली. कोणाच्या आजीला रबराच्या नळीने का होईना पण तेरा वर्षे जेवू घालणारा तो वैद्य मला आपल्या माणसासारखा वाटतो.

तेरा वर्षे जगलेली बाई जगाने पाहिली आणि सगळ्यांना वाटले, आता हा रोग हातात आला. तसे झाले नाही. पुढची वीस वर्षे ठिकठिकाणी प्रयत्न झाले आणि त्यांतले फार थोडे सफल झाले. बाकीच्या शस्त्रवैद्यांना घासाची वाट शरीराच्या आतूनच करावयाची होती, आणि आतला जोड उसवला की त्यातील घाण छातीत जाऊन माणूस चार-आठ दिवसांत दगावे. १९३३ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ग्रे टर्नर ह्यांनी छाती न उघडता, मानेतून आणि पोटातून हात घालून अन्ननलिका सोडवून बाहेर काढली. त्याच वर्षी जपानातील क्योटो येथील ओसावा ह्यांनी छातीतून शस्त्रक्रिया करून जठर वर ओढून जोडल्याचे प्रसिद्ध केले. १९३८ साली शिकागोत ॲडम्स व फेमिस्टर ह्यांनी, १९४० साली पेकिंग येथे वू यिंगकाई ह्यांनी असेच यश मिळवले. आणि १९४६ साली लंडनमध्ये आयव्हर लुईस ह्या वेल्सच्या शस्त्रवैद्यांनी जी रीत सांगितली ती आजही त्यांच्याच नावाने चालते. आधी पोट उघडून जठर मोकळे करावयाचे, मग उजव्या बाजूने छाती उघडून रोगट नळी काढावयाची आणि जठर वर घेऊन जोडावयाचे. सुरुवातीला ते ह्या दोन भागांमध्ये काही दिवस जाऊ देत.

जठर वर घेतात म्हणजे काय, हे मलाही प्रथम कळेना. पुतणीने पिशवीचे उदाहरण दिले. जठर ही एक सैल पिशवी आहे. तिची एक बाजू लांबीच्या दिशेने कापून काढून शिवली की पिशवीची बाही होते. ही बाही वर ओढली की छातीत, हवी तर मानेपर्यंतही पोचते. फक्त तिला रक्त पुरवणारी एक शीर जपावी लागते. शिवणाच्या वर्गात ज्या बसतात त्यांना हे लगेच कळेल.

आपल्या मुंबईकडे वळू. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्यासाठी त्यांना विलायतेत उपचार घ्यावे लागले होते. पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस आणि डॉ. जस्सावाला ह्यांसारखे शस्त्रवैद्य घडले. बोर्जेसांच्या नावाचा रस्ता परळला आहे. रुग्णालयात जाणारे हजारो लोक रोज त्यावरून चालतात. जस्सावाला १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या स्थापनेत होते, आणि १९६३ साली मुंबईत ह्या रोगाच्या नोंदी ठेवण्याचे काम सुरू झाले. भारतात शहरातील प्रत्येक कर्करोग्याची नोंद करण्याचा हा पहिलाच प्रयत्न. नोंद ठेवणे हे काम आपल्याला रुक्ष वाटते. पण वाण्याकडील उधारीची वही नसेल तर संसाराचा हिशेब लागेल का?

आणि तो हिशेब १९८० साली लागला, निदान जगापुरता. अर्लम आणि कुन्या-मेलो ह्या दोघांनी १२२ लेखांतील ८३,७८३ रोग्यांची माहिती गोळा केली आणि ती अगदी सोप्या शब्दांत मांडली. शंभर रोगी धरा. त्यांतील ५८ जणांचीच शस्त्रक्रिया करण्यास घेतली गेली. आत पाहिल्यावर ३९ जणांचीच गाठ काढता आली. त्या ३९ पैकी १३ जण रुग्णालयातच दगावले. २६ घरी गेले. वर्षाने १८ उरले, दोन वर्षांनी ९, आणि पाच वर्षांनी ४.

शंभरांत चार! पुतणीने हे आकडे सांगितले तेव्हा मी पेन खाली ठेवले. टोरेकांच्या त्या बाईला ६७ वर्षे झाली होती, दरम्यान पेनिसिलीन आले, रक्त देणे आले, आणि तरी शंभरांत चार. माझ्या मते ह्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक पान हेच. प्रत्येक शस्त्रवैद्य आपापले यश छापत होता, ह्या दोघांनी सगळ्यांची बेरीज करून वजाबाकीही दाखवली.

ह्या शंभरांतल्या ४२ जणांना शस्त्रक्रियेच्या दारातूनच परत का जावे लागले? उशीर. मी ह्या उशिराबद्दल थोडे घरचे सांगते. १९९२ च्या उन्हाळ्यात मी सातवी पास झाले आणि त्याच सुमारास आमच्या आत्याच्या घशाखाली भाकरी उतरेना. ती भाकरी दुधात कुस्करून खाई, मग नुसते दूध, मग पेज. तिला कोणी विचारले नाही, कारण तिला जेवताना कोणी पाहिलेच नव्हते. सगळ्यांची पाने झाल्यावर चुलीपाशी, अंधारात, एकटी जेवणारी बाई काय खाते आणि काय ताटात सारून ठेवते हे कोण पाहणार? अंगावरचे लुगडे सैल व्हायला लागले तेव्हा घरात बोलणे झाले. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, त्यात दोन महिने गेले. पुढे मोठ्या रुग्णालयात नेले, तोपर्यंत ती त्या ४२ जणांतली झाली होती. तिची दोन लहान मुले सांभाळावयास मी गेले आणि माझी शाळा तेथेच सुटली. ती दिवाळीपूर्वी गेली. माझे आजोबा मात्र घास अडकला तर लगेच आरडाओरडा करीत, आणि सारे घर धावत असे.

आत्याला मशेरीची सवय होती. आमच्या भागात बहुतेक बायकांना असे. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, सकाळ-संध्याकाळ दातांना लावावयाची. तिचा रस थोडाफार गिळलाच जातो. तंबाखू ओढणे वाईट हे पुरुषांना तरी कोणी सांगत होते. मशेरी ही तंबाखूच आहे, हे आपल्या बायकांच्या मनात येतच नाही, दात घासण्याचे औषध म्हणून ती लेकीच्या हातावरही ठेवली जाते. जस्सावाला आणि देशपांडे ह्यांनी १९७१ साली मुंबईतील नोंदींवरून तंबाखू खाणाऱ्यांना आणि ओढणाऱ्यांना तोंडाचा, घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा धोका किती वाढतो हे दाखवून दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही न ओढता खाल्लेली व लावलेली तंबाखू अन्ननलिकेच्या कर्करोगाचे कारण म्हणून नोंदवली आहे. त्याच संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून अधिक कढत पेये घेण्यासही बहुधा धोक्याचे म्हटले. आमच्याकडे चहा कपातून बशीत ओतून पितात, त्यास शहरातील लोक हसतात. मला तरी बशीच शहाणी वाटते.

उशिराच्या बाबतीत चीनमधील एक हकिगत सांगण्यासारखी आहे. हेनान प्रांतात लिनशियान नावाचा डोंगराळ तालुका होता, तेथे हा रोग एवढा की माणसांनाच काय, कोंबड्यांनाही घशाचा कर्करोग सापडला. तेथे शेन छ्योंग ह्या वैद्यांची एक युक्ती वापरात आली. दोरीसारख्या बारीक नळीच्या टोकाला जाळीत गुंडाळलेला लहानसा फुगा. तो गिळावयाचा, जठरात फुगवावयाचा आणि हळूहळू वर ओढावयाचा. जाळीला नळीच्या आतल्या पेशी खरवडून लागतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. ह्या साध्या फुग्याने गावोगावच्या, अजून काहीच त्रास नसलेल्या माणसांत रोग अगदी सुरुवातीलाच पकडला. अशा लवकर सापडलेल्यांची शस्त्रक्रिया केली तेव्हा पाच वर्षांनी शंभरांत नव्वदच्या आसपास जिवंत होते. शस्त्रक्रिया तीच, काळही सुमारे तोच, पण एकीकडे चार आणि दुसरीकडे नव्वद! आता फुग्याच्या जागी दुर्बिणीने पाहतात आणि आत आयोडिनचा फवारा मारतात. निरोगी भाग तपकिरी होतो, रोगट ठिकाण फिके राहते. इतक्या सुरुवातीच्या गाठी तर दुर्बिणीतूनच सोलून काढतात, छाती उघडावीच लागत नाही. ही विद्या जपानी वैद्यांची.

शस्त्रक्रियेने दगावणाऱ्या १३ जणांचे काय झाले तेही पाहू, कारण तेथे मोठी सुधारणा झाली आहे. १९७६ साली इंग्लंडमधील मॅकिओन ह्यांनी जोड छातीत न करता मानेत करण्याची तीन टप्प्यांची रीत सांगितली. मानेतला जोड उसवला तरी तो बाहेर वाहतो, छातीत शिरत नाही. १९७८ साली अमेरिकेत ओरिंजर ह्यांनी ग्रे टर्नरांची छाती न उघडण्याची जुनी रीत पुन्हा वर काढली. नंतर बारीक छिद्रांतून दुर्बिणीने शस्त्रक्रिया होऊ लागली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका तुलनेत ११५ रोगी होते. छाती उघडलेल्यांपैकी शंभरांत ३४ जणांना रुग्णालयात असताना फुप्फुसाचा जंतुदोष झाला, दुर्बिणीवाल्यांत १२ जणांना.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली मोजदाद. जेथे ही शस्त्रक्रिया वर्षातून दोनदाही होत नाही अशा रुग्णालयांत शंभरांत २० रोगी दगावत होते, आणि जेथे ती वर्षाला १९ हून अधिक वेळा होते तेथे ८. रोज पुरणपोळी लाटणारीची पोळी फाटत नाही आणि वर्षातून एकदा होळीला लाटणारीची फाटते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. आणि हे फक्त शस्त्रवैद्यांच्या हाताबद्दल नव्हे. जोड उसवू लागल्याची पहिली खूण, म्हणजे नाडी थोडी जलद, ताप थोडासा, माणूस थोडा अस्वस्थ, ही रात्री दोन वाजता परिचारिकेला ओळखता आली पाहिजे. जिने अशी शंभर माणसे पाहिली तिला ती ओळखता येते. तेव्हा "घराजवळ कोठे होईल?" हा प्रश्न आपण पहिला विचारतो, तो ह्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत चुकीचा आहे. "तुमच्याकडे वर्षाला अशा किती होतात?" असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

तिसरी गोष्ट सुरीच्या आधीच्या उपचारांची. नेदरलँड्समध्ये २००४ ते २००८ ह्या काळात ३६६ रोग्यांचे दोन गट केले. एकाची थेट शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी पाच आठवडे किरणोपचार व सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून दोन औषधे आणि मग शस्त्रक्रिया. २०१२ साली निकाल छापला. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांतील निम्मे २४ महिन्यांत गेले. आधी उपचार घेतलेल्यांत निम्मे जाण्यास ४९ महिने लागले. अन्ननलिकेचा कर्करोग दोन प्रकारचा असतो. पाश्चात्य देशांत हल्ली खालच्या टोकाचा, आम्ल वर येण्याशी संबंध असलेला प्रकार अधिक. आपल्याकडे मुख्यतः आतल्या अस्तराचा, तंबाखूशी नाते सांगणारा. ह्या दुसऱ्या प्रकारात तर फरक २१ महिने आणि ८१ महिने असा निघाला. त्या अभ्यासात असे रोगी थोडे होते, पाव हिश्शाच्या आसपास, तरी आपल्या दृष्टीने ही मोठीच बातमी. पहिल्या प्रकारासाठी नुसत्या औषधांची एक वेगळी जुळणी अधिक चांगली ठरल्याचे जर्मनीतील अभ्यासाने २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले.

आमचे थोरले दीर ह्याच वाटेने गेले. २०१८ साली जाऊबाईंनी पाहिले की हे प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेतात आणि भाकरी सोडून भाताकडे वळले आहेत. त्या एका शब्दाने त्यांच्याशी बोलल्या नाहीत, थेट मुलीला फोन केला. आठ दिवसांत दुर्बिणीची तपासणी झाली. पाच आठवडे किरणोपचार, मग दीड महिना विसावा. त्या विसाव्यात त्यांना रोज जिने चढावयास लावत, आणि तीन चेंडूंचे एक प्लॅस्टिकचे खेळणे देत. श्वास आत ओढून ते चेंडू वर उचलावयाचे. दीर चिडत, "मी काय बाळ आहे?" म्हणत. परंतु शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस वाचते ते ह्या चेंडूंमुळे, हे नंतर कळले. बिडी अर्थातच बंद. शस्त्रक्रिया सात तास चालली. चार महिने आवाज घोगरा होता. वजन चौदा किलो उतरले, त्यातले निम्मेच परत आले.

ह्याचा अर्थ हा रोग आता सोपा झाला असा कोणी घेऊ नये. मी वर सांगितलेले चांगले आकडे हे शस्त्रक्रिया करता येण्याजोग्या, निवडक रोग्यांचे आहेत. सगळेच रोगी मोजले तर अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही पाच वर्षे काढणारे शंभरांत वीस-बावीसच. चारवरून बावीस, आणि तेही पंचेचाळीस वर्षांत. दुसरीकडे, शस्त्रक्रियाच टाळता येईल का असाही शोध चालू आहे. नेदरलँड्समध्येच ३०९ रोग्यांत पाहिले की औषधे व किरणांनी गाठ पूर्ण विरघळलेली दिसली तर काहींना शस्त्रक्रिया न करता वरचेवर तपासत राहावे, आणि गाठ पुन्हा डोकावली तरच सुरी हाती घ्यावी. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच लोक जिवंत होते, हे २०२५ साली प्रसिद्ध झाले. शंभर वर्षे छाती कशी उघडावी हे शिकल्यावर आता ती केव्हा उघडू नये हे शिकणे चालू आहे.

शेवटी स्वयंपाकघरापुरते थोडे, कारण चिटणीसबाईंना पाककृतीचे पान प्रिय आहे आणि असा रोगी ज्या घरात परत येतो तेथील बाईला हे सांगणारे कोणी नसते. जठराची पिशवी राहिलेली नसते, बाही झालेली असते. त्यामुळे दोन वेळचे भरपेट जेवण विसरावे. दिवसातून सहा वेळा, वाटीभर. जेवताना पाणी फार देऊ नये, अर्ध्या-पाऊण तासाने द्यावे. गोड पातळ पदार्थ, खीर किंवा सरबत, एकदम दिले तर घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. ते अन्न आतड्यात फार वेगाने उतरल्याचे लक्षण आहे, घाबरून जाऊ नये, गोड कमी करावे. मुगाचे धिरडे, मऊ खिचडीवर तूप, अंडे, दही, माशाचा मऊ तुकडा हे चालते. जठराचे झाकण गेलेले असल्याने आडवे झाले की अन्न वर येते, म्हणून जेवल्यावर दोन तास बसवून ठेवावे आणि पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा द्याव्यात. आमच्याकडे त्या विटा अजून आहेत. आणि जाऊबाई आता दिरांच्या शेजारीच पान घेऊन बसतात, कारण त्यांच्याबरोबर कोणी खाल्ले नाही तर ते दोन घासांवर उठतात.